मागाच्या शेडमधली पाखरं

मामा मोठ्या पिंजऱ्यात शिरून बराच वेळ झाला होता. पाण्याच्या वाट्या घासून मी शेडच्या दारात आले, तर ते आत फरशीवर बसलेले. पाठ जाळीला टेकलेली, मांडीवर राळ्याचा डबा, आणि डब्याच्या काठावर चार-पाच पाखरं निवांत टिपत होती. पिवळी मादी त्यांच्या खांद्यावर होती. मला वाटलं, लाड चाललेत. मग त्यांचे ओठ दिसले. निळसर पडले होते.

"मामा?"

त्यांनी हात वर केला. बोलायला श्वास पुरत नव्हता. मी जाळीचं दार उघडून आत धावले तशी त्यांची मान जोरजोरात हलायला लागली.

"दार," ते कसेबसे म्हणाले. "आधी... दार लाव."

मी दार ओढून घेतलं आणि मगच त्यांच्या काखेत हात घातला. उठता उठता त्यांनी खांद्यावरची पिवळी बोटावर घेतली आणि दांडीवर ठेवली. शेजाऱ्यांच्या व्हॅनमधून त्यांना मिरजेला नेलं तेव्हा त्यांच्या धोतराला राळ्याचे दाणे चिकटलेले होते.

मामा म्हणजे माझे सासरे, यशवंत हावळ. इचलकरंजीत त्यांनी चाळीस वर्षं जॉबर म्हणून काम केलं. लोकांचे माग दुरुस्त करता करता घरामागच्या शेडमध्ये स्वतःचे चार माग टाकले. पुढे धंदा बसला, माग भंगारात गेले, आणि त्याच वर्षी सासूबाईही गेल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा शेड रिकामी होती. मामा रोज तिथं जाऊन खुर्ची टाकून बसायचे. आजूबाजूच्या शेडमधून मागांची खटखट यायची आणि हे त्या रिकाम्या जागेकडं बघत राहायचे. एके दिवशी बाजारातून दोन हिरवी पाखरं घेऊन आले. दोनाची सहा झाली. मग त्यांनी जिथं माग उभे होते तिथंच लोखंडी अँगल आणि जाळीचा पिंजरा उभा केला. बारा फूट लांब, आठ फूट रुंद, माणूस उभा राहील एवढा उंच. आत कडुलिंबाच्या फांद्या टांगल्या, घरट्यांसाठी मडकी बांधली. सगळं गाव त्या पाखरांना लव्हबर्ड म्हणायचं. मामा न चुकता दुरुस्त करायचे, "लव्हबर्ड वायलं. ही बजरीगर."

मला त्यांनी सगळं शिकवलं. नाकावरचा भाग निळा तो नर, तपकिरी ती मादी. कोथिंबीर धुऊनच घालायची. चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा नेहमी टांगलेला पाहिजे. आणि नवीन पाखरू आणलं की ते लगेच मोठ्या पिंजऱ्यात सोडायचं नाही, ही तर त्यांची सक्त ताकीद होती.

"तीस दिवस वायलं. दुसऱ्या खोलीत. आधी जुन्यांचं दाणापाणी, मग नव्यांचं, मग हात धुवायचे. तिसाव्या दिवशी छोटा पिंजरा मोठ्याच्या शेजारी ठेवायचा. आठवडाभर एकमेकांना बघू द्यायचं. मग सकाळच्या पारी सोडायचं, आणि दाणे चार ठिकाणी ठेवायचे, म्हंजे जुनी त्यांना हाकलत न्हाईत."

"एवढं कशाला, मामा? पाखरंच तर आहेत."

"एक आजारी शिरलं तर एक ऱ्हाईल का मागं?"

मामांना मिरजेला नेलं त्या रविवारी मोठ्या पिंजऱ्यात सव्वीस पाखरं होती. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, छोट्या पिंजऱ्यात, एक नवी जोडी. निळा नर आणि पांढरी मादी. मामांनी ती गुरुवारी सांगलीच्या बाजारातून आणली होती.

मिरजेच्या छातीच्या डॉक्टर बाईंनी मामांना नळ्या लावून झाल्यावर मला बाहेर बोलावलं.

"घरात काय काय आहे? धूळ, भुसा, जनावरं?"

"पक्षी आहेत."

"किती?"

"सव्वीस. दोन नवे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पक्ष्यांच्या पिसांची भुकटी असते, विष्ठा वाळून उडते. काहींच्या छातीला ती अजिबात सोसत नाही. यांची फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. पक्षी राहिले तर मी दीड-दोन वर्षांपलीकडचं काही सांगू शकत नाही."

"आणि गेले तर?"

"तर कदाचित आहे तिथं थांबेल. पण यांनी घरी येण्याआधी पक्षी गेलेले पाहिजेत. आणि ती खोली धुऊन काढा."

हे मामांना सांगितलं तेव्हा ते तोंडावरचा मास्क बाजूला करून हसले. "चाळीस वर्षं कापूस खाल्लाय ह्या छातीनं. तवा कुणी काय म्हणालं न्हाई. आता दोष पाखरांचा व्हय?"

"डॉक्टर सांगतात, मामा."

"त्यांनी माझी शेड बघितलीया का?"

माझा नवरा उदय तेव्हा पुण्यात कंपनीत होता. दोन दिवस येऊन बसला आणि रजा संपल्यावर गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "देऊन टाक सगळी. ते घरी येईपर्यंत शेड रिकामी कर. चार दिवस ओरडतील, मग विसरतील."

मी इस्माईलभाई बागवानांना विचारलं. त्यांचा फळांचा गाडा होता आणि घराच्या गच्चीवर मोठा पिंजरा. मामांचे जुने दोस्त. ते लगेच म्हणाले, "माझ्याकडं सोडा, सूनबाई. एक पण मरणार न्हाई. बरं वाटलं की बघायला येऊ देत यशवंतरावांना."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. मी आनंदानं मिरजेला गेले आणि मामांना सांगितलं. मामांनी ऐकलं. मग माझ्या मनगटाला धरलं. त्या हातात अजून जॉबरचं बळ होतं.

"शैला, माझी बायको गेली, माग गेले. आता त्या शेडमधला आवाज पण न्हेतीस?"

"तुमच्या जिवासाठीच सांगतीय."

"एक पाखरू जरी बाहेर दिलंस, तर मी घरला येणार न्हाई. हितनं उठंन आणि कुठं जायचं तिकडं जाईन. शब्द दे."

"मामा..."

"शब्द दे. कुणाला देणार न्हाईस."

त्यांना खोकल्याची उबळ आली. नर्स धावत आली आणि माझ्यावर डाफरली. मी म्हणाले, "दिला शब्द. कुणाला देणार नाही."

बुधवारी दुपारी मी घरी आले. मोठ्या पिंजऱ्याचं दाणापाणी आटोपलं आणि स्वयंपाकघरात नव्या जोडीकडं गेले. पांढरी मादी पिंजऱ्याच्या तळाशी बसली होती. अंगावरची पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले. श्वासागणिक शेपटी खालीवर होत होती. खालच्या कागदावर हिरवट पाण्यासारखी घाण होती.

मला कुणी सांगायची गरज नव्हती. असं पाखरू मामांनी मला एकदा इस्माईलभाईंच्या घरी लांबून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, हे घरात आलं तर शेड संपली.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. दुपारचे साडेतीन वाजले होते. तिला परसात ठेवता आलं असतं, शेजारच्या रिकाम्या खोलीत ठेवता आलं असतं, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवता आलं असतं. हे सगळं मला तेव्हाही सुचलं होतं. मी ते का केलं नाही, हे मी नंतर स्वतःला अनेक प्रकारे सांगून पाहिलं. घाबरले होते. झोप नव्हती. डोकं ठिकाणावर नव्हतं. पण मी चांगली शुद्धीत होते. मी गॅस बंद आहे का तेसुद्धा बघितलं आणि मग पिंजरा उचलला.

स्वयंपाकघरातून अंगणात, अंगणातून शेडमध्ये. शेडचं दार उघडलं, मग जाळीचं उघडलं. थांबायला दोन जागा होत्या. मी कुठेच थांबले नाही. मोठ्या पिंजऱ्यात शिरले, आठवणीनं मागचं दार लावून घेतलं, आणि छोट्या पिंजऱ्याची खिडकी वर सरकवली. निळा नर लगेच उडून फांदीवर गेला. पांढरीला मी हातात घेऊन पाण्याच्या वाटीजवळ ठेवलं. जुनी पाखरं क्षणभर गप्प झाली. मग पिवळी खाली उतरून पांढरीच्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या मानेवरची पिसं साफ करायला लागली.

कुणाला एकही पाखरू दिलं नव्हतं. शब्द पाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मला राहवेना. मी आत जाऊन नव्या जोडीला परत पकडायला गेले. निळा सापडला. पांढरी पाण्याच्या वाटीत मान टाकून मेलेली होती आणि त्याच वाटीतून सगळी प्यायली होती. मी वाट्या उकळल्या, औषध आणलं, सुस्त दिसतील ती वेगळी काढून बल्बच्या उबेत ठेवली. ड्रॉपरनं एकेकाच्या चोचीत थेंब सोडत बसले. ते सगळं मी मनापासून केलं. आदल्या दिवशीचंही मनापासूनच केलं होतं.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास हॉस्पिटलमधून फोन आला. वॉर्डातल्या कुणाचा तरी मोबाइल मागून मामांनी लावला होता.

"शैला, पाखरं कशी हाईत?"

"बरी आहेत."

"नवी जोडी वायलीच हाय न्हवं?"

माझ्या दुसऱ्या हातात ड्रॉपर होता.

"हो मामा. वेगळीच आहे."

"शहाणी हाईस," ते म्हणाले. आवाज त्या दिवशी जरा मोकळा वाटला.

नवव्या दिवशी शेवटचं पाखरू गेलं, ती पिवळी. माझ्या ओंजळीत तिनं दोन-तीनदा मान वर केली. सगळी मी परसात, जास्वंदीच्या पलीकडं पुरली. मग तोंडाला ओलं फडकं बांधून शेड फिनेलनं धुतली, भिंतींना चुना मारला, मडकी फोडली, फांद्या जाळल्या. मला तीन दिवस ताप होता. मनात आलं, हे ठीकच झालं.

मामा तेराव्या दिवशी घरी आले. उदय त्यांना आणायला गेला होता. व्हॅनमधून उतरल्यावर ते दारातच थांबले. गल्लीतल्या मागांची खटखट चालू होती. त्यातूनही मामांना घरामागचा चिवचिवाट ऐकू यायचा, नेहमीच यायचा. त्यांनी कान दिला. मग भिंतीला हात लावत लावत सरळ मागं गेले.

मी त्यांच्या पाठोपाठ गेले. पिंजऱ्याचं दार सताड उघडं होतं. आतल्या भिंती पांढऱ्याशुभ्र.

"दिलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही मामा. आजार शिरला. सगळी गेली."

ते पिंजऱ्याला धरून उभे राहिले. 

"नवी जोडी?"

"हो," मी म्हणाले. "मामा, ती जोडी मी..."

"तू गप्प," ते म्हणाले. त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा काही विस्कटला की माझे शब्द तोंडातच राहिले. "तुझा काय दोष? वायली ठेवून बी हवेतनं जातंय ते, कापडातनं जातंय. चूक माझी हाय. बाजारात मला दम लागला हुता. उन्हात उभं ऱ्हावंना. म्हणून पाखरू हातात घेऊन बघितलंच न्हाई. पोट बघितलं न्हाई, डोळं बघितलं न्हाई. नुसतं रंगावर भुललो. माझ्या हातानं मी मरण घरात आणलं."

उदय मागून म्हणाला, "जाऊ दे अण्णा. झालं ते झालं."

"डोळं बघ तुझं," मामा मला म्हणाले. "किती जागलीस गं पोरी."

मी तिथंच उभी होते. बोलायला अख्खी दुपार होती. मी चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघरात उदय हळूच म्हणाला, "बरं झालं, सुटलो," आणि मी त्याच्या अंगावर ओरडले. 

मामांचा आजार होता तिथं थांबला. सुधारला असं नाही, पण वाईटही होईना. ते कोपऱ्यापर्यंत चालत जाऊ लागले, चौकात पेपर वाचत बसू लागले. डॉक्टर बाई दर तपासणीला खूश व्हायच्या. पाखरं गेल्यामुळं की गोळ्यांमुळं, ते त्याही नक्की सांगू शकल्या नाहीत. दीड-दोन वर्षं म्हणाल्या होत्या, त्याची सात झाली.

आणि त्या सात वर्षांत घरी येणाऱ्या प्रत्येकाला मामांनी एक गोष्ट सांगितली. माहेरचं कुणी येवो, गॅसवाला येवो. "सव्वीस पाखरं हुती माझी. आजार आला. पण आमच्या सुनेनं जिवाचं रान केलं. नऊ दिवस झोपली न्हाई. एकेकाच्या चोचीत थेंब थेंब औषध घातलं." मग पाहुणा माझ्याकडं कौतुकानं बघायचा. मी हातातला ट्रे खाली ठेवायची आणि आत जायची.

सातव्या वर्षी, दिवाळीच्या आसपास, इस्माईलभाई आले. हातात झाकलेला छोटा पिंजरा. त्यांनी कापड काढलं. दोन हिरवी पिल्लं, नुकती पिसं फुटलेली.

"यशवंतराव, अंगणात ठेवा. मोकळ्या हवेत. दोनच हाईत, दोनानं काय हुतंय छातीला?"

मामा खुर्चीत पुढं झुकले. त्यांनी बोट जाळीजवळ नेलं. एका पिल्लानं त्याला चोच लावली. मला वाटलं, घेतात आता. मी नको म्हणायला तोंड उघडलंसुद्धा. पण मामांनी बोट मागं घेतलं.

"घेऊन जावा, इस्माईलभाई."

"डॉक्टरांच्या भीतीनं?"

"छातीचं काय न्हाई हो. मी पाखरांच्या भरवशाचा माणूस न्हाई. माझ्या हातनं सव्वीस गेली."

ते हे अगदी साधेपणानं म्हणाले, जसं कुणी म्हणावं की मला गोड चालत नाही. इस्माईलभाईंनी कापड पुन्हा टाकलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. तोपर्यंत मला वाटायचं की शेडमध्ये म्हणालेलं 'चूक माझी' ते केव्हाच विसरून गेले असतील. मी माझ्याच ओझ्यात होते. त्यांच्या खांद्यावर काय ठेवलंय, हे मी सात वर्षं बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात उन्हाला बसले होते. मी जाऊन समोर जमिनीवर बसले.

"मामा, ती पाखरं तुमच्यामुळं गेली नाहीत."

"आता कशाला त्ये?"

मी सांगितलं. तळाशी बसलेली पांढरी, खालचा हिरवा कागद, दोन दारं, पाण्याची वाटी. फोनवर मी काय बोलले आणि तेव्हा हातात काय होतं, तेही सांगितलं.  माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "का?"

"तुम्ही गेला असता."

"व्हय. गेलो असतो." ते गल्लीकडं बघत होते. "मला जगवायला केलंस. त्ये कळतंय मला. पाखरांचं पाप तुझं तू बघ. पण शेडमदी मी तुझ्यासमोर म्हणलो, चूक माझी. तवा तू गप बसलीस."

"हो."

"तवा सांगितलं असतंस, तर शिव्या घातल्या असत्या. महिनाभर तुझ्या हातचं जेवलो नसतो. आणि मोकळा झालो असतो." त्यांना दम लागला. थांबून पुन्हा बोलले. "सात वर्षं, शैला. रोज उठून मी त्या बाजारात जातोय. रोज ती पांढरी हातात घेतोय. पोट बघतोय, डोळं बघतोय, कुठं काय दिसलं असतं म्हणून. आणि तू हितंच हुतीस. चहा देत हुतीस."

मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क वाटेना. मी उठून आत गेले.

नंतर ते माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत राहिले. भाजी काय आणू, गोळी संपली, पंखा लाव. उदयला त्यांनी काही सांगितलं नाही, कुणालाच नाही. फक्त ती गोष्ट थांबली. संक्रांतीला माझी मावशी आली होती. तिनं विचारलं, "तुमची पाखरं होती ना हो?" मी ओट्यापाशी श्वास धरून उभी राहिले. मामा म्हणाले, "हुती. आजार आला, गेली." एवढंच. मावशीनं तिळगुळाची वडी तोंडात टाकली.

उन्हाळ्यात त्यांची तब्येत खालावू लागली. एका सकाळी त्यांच्या पाठीला तेल लावताना मी विचारलं, "मामा, मला माफ केलंत?"

"पाखरांचं तर कवाच केलं."

"आणि दुसरं?"

पाठ माझ्याकडं होती, त्यामुळं चेहरा दिसला नाही. बरगड्या माझ्या हाताखाली वर-खाली होत होत्या.

"बघू," ते म्हणाले. "अजून हाय की मी."

त्यानंतर ते अकरा आठवडे होते. रोज सकाळी मी ठरवायची की आज पुन्हा विचारायचं, आणि रोज त्यांच्याजवळ चहाचा कप ठेवून परत यायची.